कळफलक कोणाच्या हाती?

(ठाण्यात टेंभी नाका येथे माध्यमिक शिक्षकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



माध्यमिक शाळेत विद्यार्थ्यांच्या गटांकडून सॉफ्टवेअरचे प्रकल्प कसे करवून घ्यावेत, असा विषय आपण मला दिला आहे. विषय तंत्राचा वाटतो, आणि तंत्राचा विषय निघाला की आपल्यापैकी निम्मे लोक 'हे संगणकाच्या शिक्षकाचे काम' असे म्हणून मनातल्या मनात रजा टाकतात. ती रजा आज मंजूर होणार नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. कारण हा प्रश्न संगणकाचा फार थोडा आणि वर्गाचा फार मोठा आहे. आणि 'वर्ग' या शब्दाचे दोन्ही अर्थ मला येथे अभिप्रेत आहेत.

वर्षभर शिकलेले सारे एकत्र करून गटाने शेवटी उभारावयाच्या प्रकल्पाला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ इमारतीच्या माथ्यावरचा शेवटचा दगड असा होतो. आपण त्याला कळस म्हणू. कळस दुरून दिसतो. तो वर नेताना कोणाच्या खांद्यावर काय होते, हे मात्र खालून पाहणाऱ्याला दिसत नाही. शाळेच्या प्रदर्शनात संगणकाच्या पडद्यावर चालणारा प्रकल्प पाहून पाहुणे टाळ्या वाजवतात. त्या प्रकल्पामागच्या पाच मुलांपैकी चौघांनी त्यातील एक ओळही लिहिलेली नाही, हे फक्त दोघांना ठाऊक असते. ज्याने लिहिले त्याला, आणि वर्गाच्या शिक्षकाला.

प्रथम थोडा हिशेब करू, कारण हिशेबाशिवाय समतेच्या गोष्टी बोलणे सोपे असते. समजा, ६० मुलांचा वर्ग आहे. प्रयोगशाळेत १५ यंत्रे आहेत आणि त्यांपैकी १२ चालू आहेत. उरलेल्या तिघांचे माउस आणि तारा काढूनच ही बारा चालू ठेवलेली असतात. म्हणजे ५ मुलांमागे एक यंत्र. जोडतास ७० मिनिटांचा. रांगेने येणे, चपला काढणे, यंत्र जागे होणे, यांत दहा मिनिटे जातात. उरलेली ६० मिनिटे पाच जणांत सारखी वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला १२ मिनिटे येतात. गणपती, सहामाही, दिवाळी, स्नेहसंमेलन आणि पूर्वपरीक्षा वगळली (नवरात्राचा हिशेब टेंभी नाक्यावरच्या शिक्षकांना मी सांगायला नको) तर आठवड्याला एक याप्रमाणे १६ जोडतास हाती लागतात. सोळा गुणिले बारा म्हणजे १९२ मिनिटे. सर्वांत न्यायी वाटणी केली तरी संपूर्ण प्रकल्पात एका विद्यार्थ्याचा हात कळफलकावर ३ तास १२ मिनिटे पडतो.

आणि न्यायी वाटणी आपोआप होत नाही. गटाला प्रकल्प दिला आणि अमुक तारखेला आणून दाखवा असे सांगितले, की पहिल्याच तासाला काय घडते ते आपण पाहिले आहे. ज्याच्या घरी संगणक आहे तो मुलगा खुर्चीवर बसतो. दुसरा त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहतो. तिसरा खिडकीतून बाहेर पाहतो. ज्या मुलीचे अक्षर चांगले तिच्याकडे वही येते. पाचव्याला मुखपृष्ठ रंगवण्याचे आणि झेरॉक्स काढून आणण्याचे काम मिळते. कोणी कोणावर सक्ती केलेली नसते, कोणाची तक्रारही नसते. उलट, 'आमच्या गटात कामाची छान वाटणी झाली' असे मुले आनंदाने सांगतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिव्यवस्थेची चिकित्सा करताना एक भेद स्पष्ट केला होता. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, असा त्यांचा मुद्दा होता. आपल्या प्रयोगशाळेतील दृश्याला हा भेद लावून पाहा. पाच कामे पाच जणांनी केली, तर ती श्रमविभागणी. परंतु विचार करण्याचे काम कायम एकाकडे आणि सजावटीचे काम कायम दुसऱ्याकडे राहिले, आणि कोणाकडे काय जाईल हे घरच्या परिस्थितीने आधीच ठरलेले असले, तर तेथे आपण मुलांचीच विभागणी करीत आहोत. तीही सहकार्याच्या नावाने आणि गुण देऊन.

घरच्या परिस्थितीचा हा प्रश्न काल्पनिक नाही. २०२३–२४ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील ५७.२ टक्के शाळांतच चालू संगणक होते आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होते. ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाविषयीचा 'असर'चा २०२३ चा अहवाल सांगतो की, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांजवळ स्वतःचा फोन होता. मुलींत हे प्रमाण १९.८ टक्के होते. वापरता दोघांनाही येतो. मालकी मात्र एकाची आहे. शाळेने काही केले नाही, तर गटातही हेच प्रमाण उतरणार. 'मुलींचे अक्षर छान असते' हे कौतुक आपण कितीदा सहजपणे करतो! १९४६ साली अमेरिकेत एनिॲक हा प्रचंड संगणक लोकांपुढे आला, तेव्हा त्याच्यावर गणिते बसवणाऱ्या सहा स्त्रिया होत्या. त्यांची नावे जगाला कळायला कित्येक वर्षे लागली. मुलींना हे जमत नाही म्हणणाऱ्यांना एवढा इतिहास पुरेसा आहे.

मग गट नकोतच, प्रत्येकाने आपापला प्रोग्रॅम लिहावा, असे कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. सॉफ्टवेअर ही मुळातच अनेकांनी मिळून करण्याची वस्तू आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका गटाने संगणक बांधला आणि १९६० साली तो कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्या गटातील बहुतेकांनी पूर्वी संगणक वापरलेलाही नव्हता, असे सांगतात. एकमेकांना शिकवीतच ते काम झाले असणार. दुसरा मार्गच नव्हता.

पण गट म्हणजे माणसांची बेरीज नव्हे. आयबीएमच्या एका अवाढव्य प्रकल्पाचा कारभार सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली आपल्या अनुभवावर पुस्तक लिहिले. रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे लावली तर ते आणखी रखडते, हा त्यातील सिद्धान्त प्रसिद्ध आहे. कारण सरळ आहे. चौघांच्या गटात बोलण्याच्या जोड्या सहा होतात, सहांच्या गटात पंधरा आणि दहांच्या गटात पंचेचाळीस. खड्डा खणायला माणसे वाढवता येतात. एकमेकांचे म्हणणे समजून घ्यायला माणसे वाढवली, तर समजून घेण्याचे कामच वाढते. म्हणून पाचांचा गट मला मोठा वाटतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीच्या संगणकशास्त्रात दोन ते तीन विद्यार्थ्यांचा गट सांगितलेला आहे आणि मुदतीच्या किमान ६ महिने आधी काम सुरू करावे असेही म्हटले आहे. सूचना शहाणपणाची आहे. मात्र प्रात्यक्षिकाच्या ३० गुणांत या सहा महिन्यांच्या कामाला ८ गुण आहेत, आणि ते आठ गुण शेवटी हाती आलेल्या वस्तूवर दिले जातात की तिच्यामागच्या कामावर, हे शाळेशाळेवर अवलंबून राहते. 'ग्रंथालय व्यवस्थापन' या एकाच नावाचे आणि एकाच मजकुराचे प्रकल्प दरवर्षी किती शाळांतून सादर होतात ते एकदा परीक्षकांना विचारा.

आता एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. माझ्या परिचयाच्या एका शाळेत नववीच्या चार मुलांनी शालेय पोषण आहाराचा प्रकल्प घेतला. हिशेब साधा आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम. हजेरी घ्यायची, गुणाकार करायचा, शिल्लक साठ्यातून वजा करायचे. लहान वर्गांत १२० मुले हजर असतील तर १२ किलो. मोठ्या वर्गांत ८५ असतील तर १२ किलो ७५० ग्रॅम. एकूण पावणेपंचवीस किलो. दोन तासांत प्रोग्रॅम तयार झाला, उत्तरे बरोबर आली, आणि गट प्रदर्शनाची तयारी करू लागला.

त्यांच्या बाईंनी एक गोष्ट केली. त्यांनी मुलांना हजेरीचा खरा कागद आणून दिला. त्यात बुधवारच्या रकान्यात एका वर्गापुढे काहीच लिहिलेले नव्हते. मुलांच्या प्रोग्रॅमने त्या रिकाम्या जागेला शून्य मानले आणि त्या दिवसाचा तांदूळ कमी दाखवला. बाईंनी विचारले, "त्या दिवशी वर्गात एकही मूल नव्हते का?" मुले चौकशीला गेली. वर्ग भरला होता, मुले जेवली होती. त्या वर्गाचे शिक्षक दुसऱ्या सरकारी कामावर गेले होते आणि आकडा भरायचा राहिला होता. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी अंदाजाने तांदूळ शिजवला होता.

आता वाद सुरू झाला, आणि माझ्या मते खरा प्रकल्प तेथे सुरू झाला. एक मुलगा म्हणाला, रिकामे म्हणजे शून्यच धरू, नाही तर हिशेब पुढे सरकत नाही. दुसरा म्हणाला, आदल्या दिवशीचा आकडा धरू. गटात वही लिहिणारी जी मुलगी होती ती म्हणाली, शून्य धरले तर कागदावर तांदूळ उरेल आणि कोठीत नसेल. मग चोरीचा आळ स्वयंपाकाच्या बाईंवर येईल. तिघेही गप्प झाले. शेवटी असे ठरले की, प्रोग्रॅमने रिकाम्या जागेपाशी थांबावे, 'नोंद नाही' असे लिहावे आणि आकडा भरल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यासाठी त्यांना जवळजवळ सगळी मांडणी पुन्हा करावी लागली. तीन आठवडे गेले.

रिकामी जागा आणि शून्य यांतला हा फरक नववीत कळला, तर ते मूल पुढे प्रोग्रॅमर होवो न होवो, शासनाचा तक्ता वाचायला शिकले असे मी म्हणेन. अंगठ्याचा ठसा जुळला नाही म्हणून शिधा न मिळालेली माणसे, यादीत नाव नाही म्हणून योजनेबाहेर राहिलेली माणसे, ही सारी कोणीतरी कधीतरी रिकाम्या जागेला शून्य मानल्याची फळे आहेत. ते मानणारा माणूस दुष्ट असतोच असे नाही. त्याला कोणी खरा कागद आणून दाखवलेला नसतो, आणि त्याच्या गटात त्या मुलीसारखे बोलणारे कोणी नसते.

येथेच एक बारकी गोष्ट लक्षात घ्या. ती मुलगी वही लिहिणारी होती. हे तिला सुचले कारण ती स्वयंपाकाच्या बाईंशी बोलत असे. खुर्चीवरचा मुलगा कधी कोठीपर्यंत गेला नव्हता. जी माणसे यंत्रापासून दूर ठेवली जातात त्यांच्याकडेच पुष्कळदा यंत्राला हवे असलेले ज्ञान असते. म्हणून तिला खुर्चीवर बसवणे हे तिच्यावर उपकार करण्याचे काम नाही. तिच्यावाचून तो प्रकल्प खोटा ठरला असता.

मुंबईत धारावीतील मुलींनी केलेले काम आपल्यापैकी काहींनी वाचले असेल. नवनीत रंजन या माहितीपटकाराने तेथे सुरू केलेल्या उपक्रमात, ठोकळे जोडून प्रोग्रॅम करण्याच्या 'ॲप इन्व्हेंटर' या साधनाने मुलींनी मोबाइलसाठी ॲप केली. त्यांतील एक सार्वजनिक नळावर पाणी भरण्याची पाळी आली की सूचना देणारे होते. दुसरे संकटात सापडलेल्या स्त्रीला मदत मागण्यासाठी. प्रश्न त्यांच्या घरातलाच होता, तो पुस्तकातून उचललेला नव्हता, हे मला महत्त्वाचे वाटते. पण त्या कौतुकात एक गोष्ट विसरू नये. पाळीची सूचना देणारे ॲप नळाला पाणी वाढवून देत नाही. रांग नीट लागते, एवढेच. मुलांना हे दोन्ही कळू द्या. आपला प्रोग्रॅम कोठे उपयोगी पडतो आणि कोठे तो नगरपालिकेच्या जबाबदारीवर पांघरूण घालू लागतो, हा प्रश्न प्रकल्पाच्या अहवालात एका पानाचा तरी असावा.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. उद्योगातील संशोधनाचे मोठे पद सोडून हा शास्त्रज्ञ दुष्काळी गावात येऊन राहिला. तेथून मूलभूत तंत्रज्ञानाचा जो अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या शाळांत गेला, त्यात मुले आठवड्याचा एक दिवस हाताने काम करीत. लोखंड जोडणे, विजेची जोडणी, शेती, प्रकृतीच्या साध्या तपासण्या, हे सारे प्रत्येकाने करायचे. मुलींनी वेल्डिंग आणि मुलांनी स्वयंपाकसुद्धा. शिकवायला गावातलेच कारागीर. आणि शिकलेल्या कामाचा उपयोग गावाच्या सेवेसाठी, रीतसर मोबदला घेऊन. गावकऱ्याने फाटक करायला दिले, तर ते बंद झाले पाहिजे. 'सर, सत्तर टक्के बंद होते' हे उत्तर गावकरी चालवून घेत नाही. सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात आपण नेमका हा गावकरीच गाळून टाकला आहे. ग्रंथालयाचा प्रोग्रॅम केला जातो, आणि तो ग्रंथपाल बाईंना एकदाही दाखवला जात नाही.

आपल्या ठाण्याला तर हे सांगायलाच नको. वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम केलेल्या माणसांची नातवंडे आज आपल्या वर्गांत आहेत. त्यांतील पुष्कळ कारखाने गेले. त्या जागांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि आत संगणकावर काम चालते. पण कारखान्यातल्या उस्तादाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. नव्या पोराला नुसते बघत उभे करून फिटर होत नाही. जॉब त्याच्या हातात द्यावा लागतो, मग तो बिघडो.

मग वर्गात करायचे काय? मी जे होताना पाहिले आहे तेवढेच सांगतो.

चारांचा गट, आणि त्यात दोघादोघांच्या जोड्या. जोडीत जो टंकतो त्याने स्वतःच्या मनाचे काही टंकायचे नाही. शेजारचा सांगेल तेवढेच टंकायचे. जो सांगतो त्याने कळफलकाला हात लावायचा नाही. दहा मिनिटांनी जागा बदलायच्या, शिक्षकाने घड्याळ लावून. घरी संगणक असलेल्या मुलाला हा नियम आरंभी फार जड जातो, कारण त्याला पहिल्यांदाच आपला विचार शब्दांत मांडावा लागतो. दुसऱ्याला जड जातो, कारण त्याला पहिल्यांदाच कोणी 'पुढे काय?' असे विचारते. दुसरी जोडी तोवर कागदावर पुढच्या भागाची मांडणी करते किंवा पहिल्या जोडीने केलेले वाचून त्यात चुका शोधते. हे वाचन आपल्याकडे कोणी शिकवतच नाही. निबंध लिहायला शिकवण्याआधी आपण धडे वाचायला देतो, मग प्रोग्रॅमनेच काय घोडे मारले आहे?

प्रत्येकाची वही वेगळी. तीत रोज तीन ओळी: आज काय केले, कोठे अडलो, कोणी सोडवले. ही वही सुंदर अक्षरात नसली तरी चालेल. ती दुसऱ्याकडून लिहून घेतलेली नसावी.

घरी काम द्यायचे नाही. येथे मी आग्रही आहे. प्रकल्पाचे काम घरी गेले की ते ज्याच्या घरी यंत्र आहे त्याच्या घरी जाते, आणि पुष्कळदा त्याच्या वडिलांकडे किंवा क्लासच्या सरांकडे जाते. सोळा जोडतासांत जेवढे होईल तेवढाच प्रकल्प घ्यावा. तो लहान दिसेल, दिसू द्या.

मराठीत काम करायला लावा. एका वर्गात मुलांनी नावांची लांबी मोजणारी ओळ लिहिली आणि 'टेंभी' हा शब्द दिला. मुलांच्या मते अक्षरे दोन. यंत्राने उत्तर दिले, पाच. वर्गात गोंधळ उडाला. मग ट, त्याची मात्रा, अनुस्वार, भ आणि त्याची वेलांटी अशी पाच चिन्हे यंत्र वेगवेगळी मोजते हे मुलांनीच शोधून काढले. 'क्षि'ची चार होतात. त्या दिवशी मराठीच्या बाई संगणकाच्या प्रयोगशाळेत बोलावल्या गेल्या, आणि अक्षर म्हणजे काय यावर पाऊण तास चर्चा झाली. भाषेच्या शिक्षकांनी आज रजा टाकू नये असे मी आरंभी म्हटले, ते यासाठी.

गुणांचे काय? २० गुण असतील तर प्रोग्रॅम चालतो यासाठी ५ पुरेत. ५ वहीला. ४ गुण, ज्याच्यासाठी तो केला त्या माणसाने वापरून पाहिल्यावर काय सुधारले यासाठी. उरलेले ६ तोंडी परीक्षेला, आणि ती अशी: चिठ्ठी काढायची, तीत प्रोग्रॅमचा जो भाग येईल तो त्या मुलाने समजावून सांगायचा आणि त्यात एक लहानसा बदल तेथेच करून दाखवायचा. तो भाग त्याने लिहिला की नाही हे विचारायचेच नाही. एकाला आले नाही तर गुण कापू नयेत. गटाला एक आठवडा द्यावा आणि त्यालाच पुन्हा बोलवावे. त्या आठवड्यात बाकीचे तिघे त्याला कसे शिकवतात ते पाहण्यासारखे असते. स्वतःच्या फायद्यासाठी का होईना, शिकवतात.

यावर पालकांचा एक आक्षेप हमखास येतो. आमचा मुलगा हुशार आहे, तुम्ही त्याला मागे ओढता. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. वेगाने चालणाऱ्या मुलाला खरोखर कंटाळा येतो आणि कंटाळलेले हुशार मूल वर्गाला जड जाते. अशा मुलाला वेगळे नव्हे, अवघड काम द्यावे. मध्येच वीज गेली तर भरलेली माहिती कशी वाचवायची? नावांची यादी देवनागरीत बाराखडीच्या क्रमाने कशी लावायची? हे प्रश्न मोठमोठ्यांना घाम फोडणारे आहेत. पण उत्तर सापडल्यावर त्याने ते जोडीदाराला सांगून त्याच्या हातून टंकवून घ्यायचे, ही अट कायम.

दुसरा आक्षेप नवा आहे. आता प्रोग्रॅम माणसाने लिहायचाच कशाला? नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, तेव्हापासून मराठीत दोन वाक्ये सांगितली तरी यंत्र अख्खा प्रकल्प लिहून देते. पूर्वी बाजारात तयार प्रकल्प विकत मिळत. आता ते फुकट मिळतात, एवढाच फरक असे कोणी म्हणेल. मला उलट वाटते. पडद्यावर चालणाऱ्या वस्तूलाच गुण देण्याची आपली पद्धत आधीच पोकळ होती. ती पोकळी आता झाकता येत नाही. मघाच्या तांदळाच्या प्रोग्रॅमकडे पाहा. यंत्राला तो क्षणात लिहिता येईल. रिकाम्या रकान्याचे काय करायचे हे आपण सांगितले नाही, तर यंत्र काहीतरी एक धरून चालेल, आणि उत्तर इतके नीटनेटके असेल की कोणाला शंका येणार नाही. ती शंका येण्यासाठी कोठीपर्यंत गेलेले मूल लागते. यंत्राची मदत घेऊ द्या. वहीत तसे लिहू द्या. आणि चिठ्ठी काढून तोंडी परीक्षा मात्र सोडू नका.

आपल्या चळवळीतील वडीलधाऱ्यांना आठवत असेल, एके काळी बँका आणि विमा कंपन्यांतील कामगार संघटना संगणकाच्या विरोधात उभ्या होत्या. १९८३ मध्ये बँकांत संगणक आणण्याविषयी करार झाला, तोही मर्यादा घालून. त्या विरोधाची आज थट्टा होते. नोकऱ्या जातील ही भीती कितपत खरी ठरली याचा निवाडा मी येथे करीत नाही. परंतु यंत्राला हुकूम कोण देणार आणि यंत्राचा हुकूम कोण ऐकणार, हा त्या कर्मचाऱ्यांचा प्रश्न अजून जिवंत आहे. दारात पार्सल घेऊन येणाऱ्या तरुणाला मोबाइलच हुकूम देतो. तो हुकूम कुठल्यातरी गटाने लिहिला आहे. आपल्या वर्गातील कोणती मुले त्या गटात असतील आणि कोणती पार्सल घेऊन जिने चढतील, हे नववीच्या प्रयोगशाळेत पहिल्या तासाला खुर्चीवर कोण बसले यावरून ठरू लागते.

शेवटी काही मागण्या, कारण सगळा भार शिक्षकाच्या सद्भावनेवर टाकणे मला पसंत नाही. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांत संगणक साक्षरतेचा 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला आणि निवडक शाळांत बीबीसी मायक्रो ही यंत्रे पोचवली. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांसाठी निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळते. दोन्ही वेळा निवडक शाळा. निवड न झालेल्या शाळांनी काय करावे याचे उत्तर महापालिकेने आणि जिल्हा परिषदेने द्यायचे आहे. यंत्रे नवी नकोत. बिघडलेली तीन दुरुस्त करायला माणूस हवा, आणि तो महिन्याच्या आत यायला हवा. संगणकाच्या शिक्षकाला निवडणुकीच्या याद्या आणि शाळेची ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामातून सोडवले पाहिजे. आज पुष्कळ शाळांत त्याचे तेच मुख्य काम होऊन बसले आहे. आणि प्रयोगशाळा शाळा सुटल्यावर दीड तास उघडी राहिली पाहिजे, ज्यांच्या घरी यंत्र नाही त्यांच्यासाठी आधी. त्या दीड तासाचे मानधन कोणी द्यायचे, किल्ली कोणाकडे राहायची आणि संध्याकाळी मुलींना घरी पोचवण्याची व्यवस्था काय, यावर आपण आता चहानंतर बसून ठरवू. मुख्याध्यापक मंडळी थांबणार आहेत, असे मला कळले आहे.